व्याधाच्या साडेतीन मुठी खाली

मार्गशीर्षातली अवस. माळेगावच्या यात्रेत रात्रीचे नऊ वाजलेले असतात. 'येळकोट येळकोट जय मल्हार'च्या गजरात दिवसभर उधळलेला भंडारा अजून कपाळांवर आहे, टोप्यांवर आहे, बैलांच्या शिंगांवर आहे. गाढवांच्या बाजारातली घासाघीस थांबलेली असते, घोडेवाल्यांच्या राहुट्यांपुढे शेकोट्या पेटलेल्या असतात आणि लावणीच्या तंबूत ढोलकी तापायला लागलेली असते. अशा वेळी जत्रेच्या दिव्यांची हद्द ओलांडून, एखाद्या तुरीच्या वावराच्या बांधावर जाऊन आग्नेयेकडे तोंड करावं आणि मान किंचित दक्षिणेला वळवावी. क्षितिजाच्या जरा वर एक मोठा, थरथरणारा ठिपका दिसतो. कधी तांबूस, कधी हिरवट, मग एकदम पांढरा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो लांबच्या मोबाइल टॉवरवरचा दिवा वाटतो. तासाभराने मात्र तो हात-दीड हात वर सरकलेला असतो, आणि टॉवर काही सरकत नाहीत.

हा अगस्ती. रात्रीच्या आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा.

नांदेड-लातूर रस्त्यावरचं माळेगाव हे लोहा तालुक्यातलं गाव. खंडोबाची ही यात्रा घोडे, उंट, गाढवं आणि लावणी यांसाठी महाराष्ट्रभर माहीत आहे. भटक्या-विमुक्त जमातींच्या पिढ्यान्‌पिढ्या इथे जमल्या, त्यांच्या पंचायती इथेच बसल्या, सोयरिकी इथेच ठरल्या. आकाश पाहण्यासाठी इथे कोणी येत नाही. पण यात्रेची तिथी अशी काही पडली आहे की ठरवूनही इतकी नेमकी साधली नसती. मार्गशीर्ष अमावास्या डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीही येते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अगस्ती लोह्याच्या क्षितिजावर रात्री आठ-सव्वाआठला उगवतो, मध्यरात्र उलटून वीसेक मिनिटांनी ऐन दक्षिणेला सर्वांत उंच येतो आणि पहाटे साडेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे यात्रा ऐन भरात असताना हा तारा रात्रभर हजेरी लावून असतो, आणि अवस असल्याने मध्ये चंद्राची लुडबुड नसते. त्याच दिवशी लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या लगतच्या पट्ट्यात येळवस असते. कडब्याच्या कोपीत पांडव मांडायचे, भज्जी-आंबील-उंडे पोटभर खायचे आणि दिवेलागणीला पेटती पेंढी घेऊन शेताला फेरी मारायची. ती पेंढी विझून माणसं घरी परतेपर्यंत अगस्ती वर येतो. वर्षातल्या ज्या एका रात्री या भागातली एवढी माणसं उघड्यावर असतात, त्याच रात्री तो सगळ्यांत जास्त वेळ दिसतो.

त्याला ओळखायला दुर्बीण लागत नाही, हाताची मूठ पुरते. आधी मृगातल्या एका ओळीतल्या तीन चांदण्या शोधाव्यात, ज्यांना खेड्यात तिकांडं म्हणतात. त्या तिघींची रेघ खाली डावीकडे वाढवली की व्याध भेटतो. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तोच. हात पूर्ण ताठ करून मूठ डोळ्यांसमोर धरली तर ती साधारण १० अंश झाकते. व्याधापासून अगस्ती ३६ अंशांवर आहे, म्हणजे साडेतीन मुठी दक्षिणेला. व्याध उगवल्यावर तासाभराने अगस्ती येतो. डोक्यावर चढायची महत्त्वाकांक्षा मात्र त्याला नाही. लोह्याचा अक्षांश १९ अंशांच्या किंचित अलीकडे आहे. तिथून अगस्ती जास्तीत जास्त १८.३ अंश उंच जातो. दोन मुठीसुद्धा पुऱ्या भरत नाहीत. साडेआठ तासांत तो दक्षिण क्षितिजालगत एक ठेंगणी कमान काढतो आणि निघून जातो. मे महिन्याच्या सुरुवातीला तो संध्याकाळच्या उजेडात हरवतो, तो थेट ऑगस्टच्या उत्तरार्धातच पहाटे परत दिसू लागतो. मधले साडेतीन महिने सूर्याच्या सोबतीत जातात.

दक्षिणेच्या क्षितिजावर थोडाच वेळ दिसणारा हा ठेंगू तारा उत्तरेकडे कधी येतच नाही. त्याची जवळपास सगळी नावं आणि त्या नावांमागच्या गोष्टी या एका वागण्यातून निघालेल्या आहेत.

आपल्याकडची गोष्ट घरोघर माहीत आहे. विंध्य पर्वत मेरूशी ईर्षेने वाढत सुटला, सूर्याची वाट अडायला लागली. देवांनी अगस्तींना गळ घातली. ऋषी दक्षिणेला निघाले, विंध्य गुरूंना नमस्कार करायला वाकला, आणि 'मी परत येईपर्यंत असाच राहा' असं सांगून अगस्ती जे गेले ते परतलेच नाहीत. बंगालीत आजही 'अगस्त्ययात्रा' म्हणजे परत न येण्यासाठी केलेला प्रवास. महाभारताच्या वनपर्वात ही कथा आहे, समुद्र पिऊन टाकल्याची कथाही तिथेच आहे आणि अगस्तींच्या लग्नाची हकिगतही. वधू होती लोपामुद्रा, विदर्भाच्या राजाची मुलगी. या हिशेबाने अगस्ती विदर्भाचे जावई ठरतात, आणि मराठवाड्याच्या वाट्याला नेहमीप्रमाणे शेजारपण. रामायणात रामाला पंचवटीला जाऊन राहण्याचा सल्ला देणारेही तेच. नगर जिल्ह्यात अकोल्याला प्रवरेकाठी अगस्तींचा आश्रम दाखवतात आणि तिथल्या सहकारी साखर कारखान्याचं नावही 'अगस्ती'च आहे. ऋषीचं नाव धुराड्यावर रंगवलेलं पाहून कोणाला गंमत वाटेल, पण घटात जन्मलेल्या आणि समुद्र प्यायलेल्या माणसाचं नाव उसाच्या रसाला शोभूनच दिसतं. जडसं जेवण झाल्यावर पोटावरून हात फिरवत अगस्तीचं नाव घ्यायची रीत जुन्या पिढीत होती. वातापी नावाचा राक्षस बोकड होऊन ब्राह्मणांच्या पोटात शिरायचा आणि भाऊ इल्वलाने हाक मारली की पोट फाडून बाहेर यायचा. अगस्तींनी त्याला सरळ पचवून टाकलं. यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अमरकोशात 'इल्वला' हे मृगशीर्षाच्या डोक्याकडच्या ताऱ्यांचं नाव दिलं आहे. म्हणजे कथेतला वैरी आकाशातही अगस्तीच्या वरच्या अंगाला, फार लांब नाही, असा बसलेला आहे.

आता हाच तारा वाळवंटातून पाहू. अरबांनी त्याला सुहैल म्हटलं. त्यांच्या लोककथेत सुहैल हा तरणाबांड नवरदेव. त्याचं लग्न जौझाशी झालं, म्हणजे आपल्या मृग नक्षत्राशी. लग्नाच्या रात्री त्याच्या हातून तिच्या पाठीचा कणा मोडला, ती मेली आणि सूडाच्या भीतीने सुहैल दक्षिणेला पळून गेला. त्याला दोन बहिणी होत्या. एक आकाशगंगा ओलांडून त्याच्यामागे गेली, म्हणून व्याधाचं अरबी नाव 'अल्-शिअरा अल्-अबूर', ओलांडून गेलेली. दुसरी पलीकडेच राहिली आणि रडून रडून तिचे डोळे चिकटले. तो आपला प्रश्वा, अरबीत 'अल्-घुमैसा'. प्रश्वाचं तेज व्याधापेक्षा बरंच कमी आहे, त्याचं कारण हे रडणं.

कुठे विंध्य आणि कुठे अरबस्तान. एक तपस्वी, एक फरारी. पण दोन्हीकडे निष्कर्ष एकच: तो दक्षिणेला गेला आणि परत आला नाही. एका कथेने दुसरीकडून उचललं, असं मानायची गरज नाही. विंध्याच्या उत्तरेला राहणाऱ्याला आणि अरबी वाळूत तंबू ठोकणाऱ्याला आकाशाने एकच दृश्य दाखवलं, आणि दोघांनी आपापल्या घरातल्या माणसांची पात्रं त्यात बसवली.

लोहा-कंधारचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा आधी फारसी, मग उर्दू. त्यामुळे इथे या ताऱ्याची दोन्ही नावं राहत आली आहेत, फक्त त्यांना एकमेकांची ओळख नाही. सुहैल (बोलताना सुहेल) हे मुसलमान घरांत मुलाचं जुनं, आवडतं नाव. अगस्त्य हे गेल्या काही वर्षांत हिंदू घरांत नव्याने आवडीचं झालेलं. एखाद्या शाळेच्या हजेरीपटावर ही दोन्ही नावं एकाखाली एक येऊ शकतात आणि गुरुजी एकाच ताऱ्याची हजेरी दोनदा घेतात.

या दोन नावांची गाठ एका पुस्तकात मात्र पक्की बसली आहे. आपलं पंचतंत्र पहलवीत गेलं, तिथून अरबीत 'कलीला व दिम्ना' झालं, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या हुसेन वाइज काशिफी याने त्याचं नटवं फारसी रूप लिहिलं. आश्रयदाता अमीर शेख अहमद सुहैली. त्याच्या नावावर श्लेष साधून ग्रंथाचं नाव ठेवलं 'अन्वार-इ-सुहैली', सुहैलचा प्रकाश. दक्षिणेच्या गोष्टी दक्षिणेच्या ताऱ्याचं नाव घेऊन हिंदुस्थानात परत आल्या. अकबराला त्यातली फारसी अवघड वाटली, म्हणून त्याने अबुल फजलकडून ती सोपी करून घेतली. पुढे कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना फारसीच्या अभ्यासासाठी हेच पुस्तक असायचं. एडवर्ड ईस्टविकने १८५४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा शीर्षकात सुहैलच्या जोडीला 'कॅनोपस' लिहिलं. जे पंचतंत्र आपल्या मुलांना आजी सांगते, ते इंग्रजांच्या कपाटात अगस्तीच्या नावाने लागलं होतं.

पंचांगात अगस्तीला आजही जागा आहे. बारीक अक्षरांत 'अगस्ति लोप' आणि 'अगस्ति दर्शन' असे दोन दिवस छापलेले असतात. मुहूर्त पाहणाऱ्यांची नजर त्यांच्यावरून घसरते, पण हा उल्लेख फार जुना आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त अगस्तीसाठी स्वतंत्र अध्याय दिला. उज्जयिनीच्या अक्षांशासाठी त्याने नियम सांगितला: सूर्य कन्या राशीत जायला सात अंश उरले की अगस्तीचा उदय. आजच्या कॅलेंडरात तो दिवस ९ सप्टेंबरच्या आसपास येतो. राजाने त्याला अर्घ्य द्यावं, असंही सांगितलं आहे. दक्षिणेला सरकावं तसा तो लवकर दिसतो हेही जुन्या ज्योतिषांना ठाऊक होतं. उज्जैनहून चार अंश खाली असलेल्या लोह्यात ढग नसतील तर ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच, उजाडायच्या आधी, तो क्षितिजावर सापडायला हवा. 'ढग नसतील तर' ही अट श्रावण-भाद्रपदात फार मोठी आहे, हा भाग वेगळा.

अगस्ती उगवला की पाणी निवळतं, असं कालिदासाने रघुवंशात म्हटलं आहे. तुलसीदासांनीही शरदाच्या वर्णनात वाटेवरचं पाणी अगस्तीच्या उदयाने आटल्याचं म्हटलं. समुद्र पिणाऱ्या ऋषीकडे पावसाळा संपवण्याचं खातं जाणं ओघानेच आलं. मन्याड नदीचं गढूळ पाणी खाली बसतं, विहिरीचा तळ दिसू लागतो, हे अनुभवाला धरून आहे. पण पाऊस संपण्याचा हा हिशेब मराठवाड्यात नीट बसत नाही. इथे सप्टेंबरात चांगला पाऊस असतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही ठोकून काढतो. काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकायला धावणाऱ्या लोह्याच्या शेतकऱ्याला अगस्ती उगवून दीड महिना झाला असं सांगितलं, तर तो आपल्याकडे कशा नजरेने पाहील याची कल्पना करता येते. नियम उज्जैनचा होता, कविता उत्तरेच्या होत्या. ऋषी दक्षिणेला आले, त्यांचं वेळापत्रक तिकडेच राहिलं.

एक झाड मात्र वेळ पाळतं. हादग्याला संस्कृतात अगस्ति म्हणतात, कारण तो या ताऱ्याच्या उदयाच्या सुमारास फुलायला लागतो. पांढऱ्या, कोयत्यासारख्या वळलेल्या कळ्यांची भाजी ज्याने खाल्ली आहे, त्याने एका अर्थी तारा चाखलेला आहे.

अगस्ती नेहमीच एवढा दिसत होता का? नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो. एक फेरा सुमारे २६ हजार वर्षांचा. त्यामुळे ताऱ्यांची उंची शतकांच्या हिशेबाने बदलत राहते. गणित करून मागे गेलं तर मोठी रंजक चित्रं दिसतात. साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी अगस्ती आजच्यापेक्षा १४ अंश दक्षिणेला होता. विंध्याच्या उत्तरेला तो क्षितिजावर येतच नव्हता. लोह्याच्या जागी कोणी उभं असतं, तर त्याला तो जेमतेम चार अंश वर, धुरकट हवेत चमकून जाताना दिसला असता. पुढे हजारो वर्षं तो हळूहळू वर चढत गेला आणि उत्तरेकडच्या एकेका मुलखाला दिसू लागला. कथेत ऋषी विंध्य ओलांडून दक्षिणेला जातो. गणितात तारा दक्षिणेकडून येऊन विंध्यावर डोकावतो. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ कृ. दा. अभ्यंकर यांनी २००५ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ऋषी अगस्ती आणि तारा अगस्ती यांची सांगड घालणारा लेख लिहिला, तो याच धाग्यावर. पुराणकथेला खगोलाचं घड्याळ लावताना सावध राहावं लागतं, कारण कथा केव्हा रचली गेली याची तारीख कथेत नसते. तरीही ही सांगड मोहात पाडणारी आहे.

अगस्तीची ही चढण संपली दहाव्या शतकात. इसवी सन ९५०च्या सुमारास तो त्याच्या सर्वांत उत्तरेकडच्या जागी पोचला आणि तेव्हापासून पुन्हा खाली सरकतो आहे. हा काळ राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाचा, राज्यकाळ ९३९ ते ९६७. लोह्याच्या शेजारच्या कंधारशी राष्ट्रकूटांचं नातं जवळचं. तिथल्या तलावाचं नाव 'जगत्तुंग सागर'. त्या पाण्यावरून मार्गशीर्षातल्या मध्यरात्री दक्षिणेला पाहणाऱ्या पहारेकऱ्याला अगस्ती आजच्यापेक्षा जवळजवळ चंद्रबिंबाच्या रुंदीएवढा अधिक वर दिसला असता. हा तिसरा कृष्ण स्वारी करत रामेश्वरापर्यंत गेला. तिथे त्याला तोच तारा कंधारपेक्षा एक मूठभर जास्त उंच भेटला असणार. ऋषीच्या मागोमाग दक्षिणेला गेलेल्या राजांच्या यादीत त्याचा नंबर बराच वरचा.

गाव बदललं की ताऱ्याची उंची बदलते, यातून पृथ्वी मोजता येते, हे एका ग्रीकाने याच ताऱ्यावरून दाखवलं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात पोसिडोनिअसच्या लक्षात आलं की ऱ्होड्‌स बेटावरून हा तारा क्षितिजाला नुसता चाटून जातो, तर अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढा, म्हणजे साडेसात अंश वर येतो. दोन ठिकाणांतलं अंतर ५००० स्टेडिया धरलं, त्याला ४८ने गुणलं, पृथ्वीचा परीघ २ लाख ४० हजार स्टेडिया. हा प्रयोग लोह्याच्या एखाद्या शाळेला फार चांगला करता येईल, कारण नकाशावर लोहा दिल्लीच्या जवळजवळ बरोबर खाली येतं. दोन्ही ७७ रेखांशाच्या जरा पुढे, उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,०७० किलोमीटर. लोह्यात अगस्ती १८.३ अंश चढतो, दिल्लीत ८.७. फरक ९.६ अंश. त्रैराशिक मांडलं की परीघ ४० हजार किलोमीटर येतो. दिल्लीत कोणी मावसभाऊ, एक कोनमापक, एक ओळंबा आणि दोन बाजूंना निरभ्र रात्र, एवढं साहित्य पुरे. अडचण आली तर दिल्लीच्या धुरक्याचीच येईल. पृथ्वी मोजणारे खरेखुरे लोकही या बाजूने गेले आहेत. विल्यम लॅम्टनची त्रिकोणमितीय मोजणी बिदरजवळच्या दामरगिड्ड्यावरून उत्तरेला सरकत होती, आणि १८२३च्या जानेवारीत लॅम्टन हिंगणघाटला वारला.

ग्रीकांनी या ताऱ्याला कॅनोपस म्हटलं. एक गोष्ट अशी की ट्रॉयहून परतणाऱ्या मेनेलाउस राजाच्या जहाजाचा सुकाणूवाला या नावाचा होता. इजिप्तच्या किनाऱ्यावर तो साप चावून मेला, तिथे त्याच्या नावाचं गाव वसलं आणि ताऱ्यालाही ते नाव मिळालं. पुन्हा दक्षिणेला गेलेला आणि न परतलेला माणूस! टॉलेमीने दुसऱ्या शतकात या ताऱ्याला 'आर्गो' या प्रचंड जहाजाच्या सुकाणूवर बसवलं. पुढे १७५१ ते १७५३ या काळात फ्रेंच खगोलज्ञ लकाय केप ऑफ गुड होपला जाऊन दक्षिणेचं आकाश मोजून आला. त्याला ते जहाज सोयीपेक्षा जास्त अवाढव्य वाटलं आणि त्याने त्याचे भाग पाडले. सुकाणूवाला जहाजाच्या कण्याकडे, 'कॅरिना'कडे, गेला. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने २०१६ मध्ये ताऱ्यांची नावं ठरवण्यासाठी गट नेमला. शेकडो वर्षं तोंडी असलेल्या कॅनोपस या नावावर अधिकृत शिक्का बसला तो त्याच वर्षी. त्याच संघटनेच्या यादीत आता रेवती आणि भरणी ही दोन आपली नावंही आहेत, पण ती मंद ताऱ्यांची. अगस्ती त्या यादीत नाही. एका ताऱ्याला एकच नाव, असा यादीचा कायदा आहे. शिक्के मारणाऱ्यांची सोय कळते. तरी ज्या नावाने या ताऱ्याकडे पाहून किमान दीड हजार वर्षं पंचांग चाललं, ते नाव यादीबाहेर आणि इजिप्तमधल्या सर्पदंशाची दंतकथा यादीत, हे जरा खटकतंच.

चीनमध्ये तो 'म्हातारा तारा', दीर्घायुष्याचा देव. उत्तरेकडच्या राजधान्यांतून तो मुश्किलीने दिसायचा, म्हणून दिसला की शुभ. जपानात चिबाच्या मेरा गावचे कोळी त्याला मेराचा तारा म्हणत आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्यांचा आत्मा मानत. तो दिसला की वादळाची भीती. त्या अक्षांशावर तो क्षितिजालगत इतका लालभडक दिसतो की शुभ वाटणं अवघडच.

आणि मग यंत्रांनीही त्याचा आधार घेतला. नोव्हेंबर १९६४ मध्ये मंगळाकडे निघालेल्या मरिनर-४ यानाला आपली दिशा धरून ठेवायची होती. एक खूण सूर्याची. दुसरी सूर्यापासून शक्यतो काटकोनात हवी, ठळक हवी, आजूबाजूला तिच्यासारखी दुसरी नको. अगस्ती सूर्यमार्गापासून तब्बल ७६ अंश दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य कुठेही असो, हा कायम एका बाजूला सापडतो. यानावरचा डोळा सुरुवातीला भलत्याच ताऱ्यांना धरून बसला, यानातूनच सुटलेल्या चकाकत्या कणांनीही फसला, पण अखेर त्याने अगस्ती गाठला आणि जुलै १९६५ मध्ये मंगळाची जवळून घेतलेली पहिली छायाचित्रं पृथ्वीवर आली. वाळवंटातला उंटवाला ज्याच्यावर भिस्त ठेवून रात्रीची वाट चालत होता, त्याच्यावरच हे यान चाललं.

व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे घराशेजारी. अगस्ती सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर. इतक्या लांबून व्याधाच्या खालोखाल तेज दाखवायचं तर मुळात केवढा दिवा हवा! सूर्याच्या सत्तरपट व्यास आणि दहा हजारपटींहून जास्त तेज, असा तो आहे. आज लोह्यातून दिसणारा त्याचा उजेड अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास तिथून निघाला. गुरू गोविंदसिंगजींचं नांदेडला गोदावरीकाठी निर्वाण झालं ते १७०८ साली. निजाम-उल्-मुल्क दख्खनचा सुभेदार म्हणून पहिल्यांदा आला १७१३ मध्ये. त्या धामधुमीच्या वर्षांत निघालेला प्रकाश मधल्या काळात आसफजाही राज्य सुरू होऊन संपलेलं असताना इथे पोचतो आहे.

दिवाळीच्या दिवसांत मात्र त्याची वेळ वेगळी असते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी यमासाठी कणकेचा दिवा करून, वात दक्षिणेला वळवून उंबऱ्याबाहेर ठेवतात. एरवी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावायचा नाही, हा एकच दिवस. त्या वेळी दक्षिणेचं क्षितिज रिकामं असतं. अगस्ती वर येतो मध्यरात्रीच्या आगेमागे, दिवा शांत होऊन, घर झोपून तास-दोन तास झाल्यावर. नरक चतुर्दशीला पहाटे पाचला अंगणातल्या चुलीवर पाणी तापत असतं, कोणी डोळे चोळत उटण्याची वाटी शोधत असतं आणि गल्लीतल्या एखाद्या उतावळ्याने पहिला फटाका लावलेला असतो. तेव्हा दक्षिणेला, किंचित उजवीकडे कललेला, दीड-पावणेदोन मुठी उंचीवर अगस्ती दिसतो. रात्री दिवा ज्या दिशेला ठेवला होता त्याच दिशेला. त्याच्या वर व्याध असतो. सहाच्या सुमारास उजाडतं आणि आधी अगस्ती, मग व्याध असे दोघेही पुसले जातात. तो मावळलेला मात्र नसतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिवाळी असली, तर तो सव्वाआठपर्यंत वर असतो. घरात चकल्या-लाडवांची ताटं फिरत असतात तेव्हा भर उजेडात, कोणाला न दिसता, तो अहमदपूर-लातूरच्या बाजूच्या क्षितिजाकडे उतरत असतो.